बे एरिया सोडून टेक्सासला: नोकरी घरून आहे, पण घर कुठे?

कुंपणावरचा (धागाकर्ता) · सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

आम्ही सनीव्हेलला (कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात) राहतो. मी, बायको आणि नऊ वर्षांची लेक. अमेरिकेत येऊन अकरा वर्षं झाली, त्यातली नऊ इथेच गेली. दोन बेडरूमच्या अपार्टमेंटचं भाडं ३,८०० डॉलर, आणि वरच्या मजल्यावरचा गडी पहाटे पाचला ट्रेडमिलवर पळतो. दर दोन वर्षांनी आम्हाला घर घ्यायचा झटका येतो. मग चार शनिवार-रविवार ओपन हाउस बघत हिंडायचं, आणि साठ वर्षांपूर्वीच्या तीन खोल्यांच्या बैठ्या घराला दोन मिलियन हा आकडा ऐकून घरी येऊन पिठलं-भात खायचा. रुपयांत करून बघणं मी सोडून दिलंय.

आता मुद्दा. माझी टीम २०२१ पासून विखुरलेली आहे. मॅनेजर सिएटलला, दोघं ऑस्टिनला, एक पोर्टलंडला. मी महिन्यातून दोनदा ऑफिसात जातो, तेही मुख्यतः जेवायला. मॅनेजर म्हणतो, तू कुठून काम करतोस याच्याशी मला देणंघेणं नाही. बायकोची नोकरी तर पूर्णच रिमोट. गेल्या वर्षी राज्याचा आयकर म्हणून जवळपास २० हजार डॉलर भरले. टेक्सासमध्ये तो आकडा शून्य. मेहुणा डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत आहे, त्याने सात लाखांत चार बेडरूमचं घर घेतलंय. व्हिडिओ कॉलवर तो मुद्दाम मागे ती बॅकयार्ड दिसेल असा बसतो.

तर कुणी असं गेलंय का? पस्तावलात का? व्हिसा एच-वन-बी (कंपनीच्या नोकरीवर मिळणारा) आहे, आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर, प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख) २०१६ ची. राजकारण आणू नका ही विनंती.

---

अर्धाकप · सोमवार, रात्री ११:५९

राजकारण आणू नका म्हणालात? पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत बसलो आहे.

---

मु_पो_फ्रिस्को · मंगळवार, सकाळी ७:२०

या या. आम्ही २०२१ च्या उन्हाळ्यात फ्रीमॉन्टहून आलो. पस्तावलो नाही.

इथे आता काय नाही? डीएफडब्ल्यू (डॅलस-फोर्ट वर्थ) महाराष्ट्र मंडळाचा गणपती आहे, कार्यसिद्धी हनुमान मंदिर आहे, शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. मिसळ मिळते, सांडगे मिळतात. मुलाला स्वतःची खोली मिळाल्यावर तो पहिले दोन महिने आमच्याशी बोललाच नाही, इतका खूश होता.

शिवाय कॉलेज. टेक्सास युनिव्हर्सिटीच्या ऑस्टिन कॅम्पसला, राज्यातल्या प्रत्येक हायस्कूलच्या वरच्या ठरावीक टक्के मुलांना आपोआप प्रवेश आहे. पूर्वी वरचे ६ टक्के होते, २०२६ च्या फॉलपासून ५. तिकडे बर्कलीसाठी मुलं काय काय दिव्यं करतात ते बघितलंय.

एक गोष्ट मात्र मेहुण्याने सांगितली नसेल, म्हणून मी सांगते. इथली माती म्हणजे आपल्या मराठवाड्यातली काळी माती. पाऊस पडला की फुगते, ऊन पडलं की हातभर भेगा. त्यामुळे उन्हाळ्यात घराच्या पायाला पाणी घालावं लागतं. झाडांना नाही हो, पायाला. घराभोवती झिरपणारी नळी टाकून ठेवायची, नाहीतर भिंतींना तडे जातात आणि दारं लागेनाशी होतात. माझे वडील आले होते, शेतकरी माणूस. ते नळीकडे बघत म्हणाले, "एवढ्या पाण्यात कापूस आला असता."

---

गणितमास्तर · मंगळवार, सकाळी ९:०५

टंकाळा सोडून सविस्तर लिहितो, कारण "२० हजार वाचतील" हे वाक्य गेल्या पाच वर्षांत किमान पंधरा जणांच्या तोंडून ऐकलंय.

वाचतील हे खरं आहे. टेक्सासमध्ये व्यक्तीच्या उत्पन्नावर कर नाही, आणि २०१९ मध्ये लोकांनी मतदान करून तशी बंदी राज्यघटनेतच घातली, त्यामुळे उद्या कुणी सहज आणेल असंही नाही. २० हजार म्हणजे महिन्याला साधारण १,६६० डॉलर.

आता ते सात लाखांचं घर. २० टक्के डाउन, उरलेल्या ५ लाख ६० हजारांवर साडेसहा टक्क्यांनी तीस वर्षांचं कर्ज. हप्ता ३,५४०. प्रॉपर्टी टॅक्स १.८ टक्के धरला तर महिन्याला १,०५०. घराचा विमा ३७५ धरा, गारपिटीने छपरं फुटतात म्हणून तो तिथे महाग. एचओए (कॉलनीची वर्गणी) ६०. झाले ५,०२५. आज तुम्ही भाडं भरता ३,८००. म्हणजे १,२२५ जास्त. वाचलेल्या १,६६० मधले उरले ४३५. त्यात जुलै-ऑगस्टचं एसीचं बिल आणि दुसरी गाडी बसवा. हप्त्यातले पहिल्या महिन्याचे जेमतेम ५०० मुद्दलात जातात, ते तुमचे, बाकी व्याज.

आणि पगार? मोठ्या कंपन्या राहत्या ठिकाणाप्रमाणे पगार ठरवतात. मे २०२० मध्ये झुकरबर्गने हे उघडच सांगितलं होतं. स्ट्राइपने त्याच वर्षी महागडं शहर सोडणाऱ्यांना २० हजार डॉलर एकरकमी देऊ केले होते, पण सोबत १० टक्क्यांपर्यंत पगारकपात. तुमचा पगार २ लाख १० हजार धरला तर १० टक्के म्हणजे २१ हजार. हे पैसे दरवर्षी कमी होणार. म्हणजे कर वाचवून आणलेली भाकरी मांजराने पळवली.

प्रॉपर्टी टॅक्सचा फरकही समजून घ्या. कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ मुळे कर खरेदीच्या किमतीवर ठरतो आणि ती आधारभूत किंमत वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढत नाही. टेक्सासमध्ये दरवर्षी नवं मूल्यांकन. राहत्या घराला वाढीवर १० टक्क्यांची मर्यादा आहे, शाळेच्या करात सूटही आहे, तरी दर मे महिन्यात लोक १५ तारखेच्या आत हरकत नोंदवायला धावत असतात. नवीन कॉलनी असेल तर पीआयडी किंवा मड नावाचा जास्तीचा आकार आहे का ते आधी विचारा. बिल्डर ते बारीक अक्षरात लिहितात.

भाड्याने राहणार असाल तर गणित उलटं होतं. तिथे अख्खं घर तीन हजारांच्या आतबाहेर मिळतं. तेव्हा खरंच पैसे उरतील.

---

कुंपणावरचा · मंगळवार, सकाळी ९:४०

मास्तर, दंडवत. पगारकपातीबद्दल मॅनेजर काही बोलला नव्हता. विचारतो.

---

आय१४०_पीडित · मंगळवार, दुपारी १२:१५

पगाराचं नंतर बघा, आधी कागद. एच-वन-बी ला कामाचं ठिकाण चिकटलेलं असतं. त्या महानगर भागाबाहेर गेलात तर नवीन एलसीए (कामाचं ठिकाण आणि पगार सांगणारा कामगार खात्याकडचा अर्ज) आणि एच-वन-बी अमेंडमेंट (व्हिसाच्या अर्जात दुरुस्ती) लागते. २०१५ मध्ये सिमिओ सोल्युशन्सच्या प्रकरणात हे पक्कं झालं. अमेंडमेंट जाण्याआधी फाइल व्हायला हवी. तुमचं घर हेच तुमचं कामाचं ठिकाण, त्यामुळे "मी घरूनच तर करतोय" ही सबब चालत नाही. सनीव्हेलहून सॅन होजेला गेलात तर प्रश्न नाही. फ्रिस्को म्हणजे सरळ अमेंडमेंट.

ग्रीन कार्डचं त्याहून किचकट. पर्म (ग्रीन कार्डची कामगार खात्याकडची पहिली पायरी) विशिष्ट भागातल्या नोकरीसाठी झालेलं असतं. तुमच्या पर्ममध्ये "कुठूनही काम चालेल" अशी ओळ आहे का बघा. नसेल आणि कायमची नोकरीच टेक्सासला नेलीत तर पर्म नव्याने करावं लागू शकतं. आय-१४० मंजूर असल्यामुळे २०१६ ची प्रायॉरिटी डेट हातची जात नाही, तेवढं सुख. भारतीयांची ईबी-२ ची (उच्चशिक्षितांच्या ग्रीन कार्डची) रांग २०२५ संपतानाही २०१३ मध्येच अडकलेली होती, तेव्हा वेळ भरपूर आहे म्हणा. पण कंपनीने दुसऱ्यांदा पर्म करायची तयारी दाखवायला हवी, आणि अलीकडे ले-ऑफ झालेल्या कंपन्यांत पर्म अडकून पडतात.

मॅनेजरचा होकार आणि इमिग्रेशन वकिलाचा होकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याला काडीची किंमत नाही.

---

तिरकस · मंगळवार, दुपारी १:०२

वीस वर्षं अमेरिकेत राहूनही आरटीओ म्हटलं की मला रिटर्न टू ऑफिस आठवत नाही, आठचा आकडा काढायला लावणारे साहेब आठवतात. आता दोन्हीकडचं सारखंच झालंय. ऐन वेळी नियम बदलतात आणि एजंटशिवाय काम होत नाही.

"कायमचं रिमोट" या शब्दांची उजळणी करू. मे २०२०: ट्विटर म्हणालं, हवं तर कायम घरून काम करा. नोव्हेंबर २०२२: नवे मालक आले, उद्यापासून ऑफिसात या. म्हणजे कायमचं म्हणजे अडीच वर्षं. ऑगस्ट २०२३: ज्या झूमवर आपण सगळे घरून काम करत होतो, त्या झूमनेच ऑफिसपासून पन्नास मैलांच्या आतल्या लोकांना आठवड्यातून दोन दिवस या म्हटलं. जानेवारी २०२५: ॲमेझॉन, पाचही दिवस.

कंपन्यांचं स्वतःचंही तेच. ओरॅकलने २०२० मध्ये मुख्यालय ऑस्टिनला नेलं, २०२४ मध्ये म्हणाले आता नॅशव्हिल. तुमचं तर फक्त टेबल-खुर्ची आहे. ह.घ्या.

---

खारट_दाणा · मंगळवार, रात्री १०:३०

ह.घ्या. म्हणणं सोपं आहे. मी घेतलं होतं, हलकं नव्हतं.

आम्ही सॅन होजेहून ऑस्टिनला गेलो ते फेब्रुवारी २०२२ मध्ये. तेव्हा तिकडे घर घेणं म्हणजे शुक्रवारच्या बाजारातलं शेवटचं मटण घेण्यासारखं होतं. लोक घर न बघता, किमतीच्या वर लाखभर टाकून ऑफर देत होते. आम्ही व्हिडिओ कॉलवर घर बघितलं. एजंटने फोन फिरवून दाखवला. ७ लाख ४० हजार. दर पावणेचार टक्के. कंपनीने ईमेलवर लिहून दिलं होतं की माझी जागा "रिमोट" आहे. मी ते ईमेल प्रिंट काढून घराच्या फाइलमध्ये लावलं होतं, कुलदेवतेच्या अंगाऱ्यासारखं.

पहिलं दीड वर्ष स्वर्ग. सकाळी आठला अंगणात चहा. २०२३ च्या शेवटी आमचा विभाग दुसऱ्या विभागात विलीन झाला. नवीन व्हीपी आला. त्याला माणसं डोळ्यांसमोर लागत. २०२४ च्या मार्चमध्ये सगळ्या रिमोट लोकांना पत्र: नव्वद दिवसांत ठरवा, बे एरियात परत या किंवा "परस्पर संमतीने" निरोप घ्या. मी ते जुनं ईमेल दाखवलं. एचआरची बाई अगदी गोड बोलली. म्हणाली, त्या वेळी तुमची जागा रिमोट होतीच, आता ती नाही.

ऑस्टिनमध्ये नोकरी शोधली. मिळत होती, पगार तीस टक्के कमी. माझा हप्ता ७ लाख ४० हजारांच्या घराचा. ऑस्टिनच्या किमती २०२२ च्या वसंतात शिखरावर होत्या आणि तिथून उतरत गेल्या, आमचा मुहूर्त म्हणजे अगदी त्या शिखराच्या तोंडावरचा. घर विकलं ६ लाख १० हजारांना. एजंट आणि बाकी खर्च वेगळे. डाउन पेमेंट जवळजवळ सगळं त्यात गेलं. आम्ही परत सॅन होजेत आहोत, दोन बेडरूम, भाडं तुमच्याएवढंच.

मला टेक्सासबद्दल तक्रार नाही. शेजारी फार चांगले होते. जाताना त्यांनी पीच कॉबलर आणून दिला, बायको तो बघून रडली. पण "नोकरी रिमोट आहे" या वाक्यावर तीस वर्षांचं कर्ज काढू नका. भाड्याने जा, वर्षभर बघा. आम्हाला हे सांगणारे होते, आम्ही त्यांना जळकुटे म्हणालो.

---

मु_पो_फ्रिस्को · मंगळवार, रात्री ११:१०

वाईट वाटलं वाचून. आमचा दर २.९ होता आणि नवऱ्याची कंपनी प्लेनोतच आहे, हे आधीच्या प्रतिसादात लिहायचं राहिलं. तो फरक मोठा आहे, मान्य.

---

अर्धाकप · मंगळवार, रात्री ११:१४

राहिलं की राहू दिलं? :)

---

लोकलचा_पास · बुधवार, सकाळी ५:४०

टेक्सासच का पण? कॅलिफोर्निया सनीव्हेलपाशी संपत नाही.

आम्ही माउंटन हाउसला आहोत, ट्रेसीच्या अलीकडे. २०२४ च्या जुलैपासून रीतसर शहर झालं. घर सनीव्हेलच्या निम्म्याहून कमीत. राज्याचा कर तोच, पण प्रॉपोझिशन १३ तेच, व्हिसावाल्यांना वकिलाला विचारायचं काम उरतंच कारण काउंटी बदलते, पण पर्मचा भाग फार लांब जात नाही. मुख्य म्हणजे ऑफिसने बोलावलं तर जाता येतं. आत्ता हे एस ट्रेनमधून लिहितोय. स्टॉकटनहून सुटते, ट्रेसी, लिव्हरमोर, फ्रीमॉन्ट करत सॅन होजेला जाते. ग्रेट अमेरिकाला उतरून शटल. आमच्या डब्यात एक मराठी ग्रुप आहे, गुरुवारी डब्यात साबुदाणा खिचडी असते. कर्जत लोकलची आठवण येते, फक्त लटकायला मिळत नाही.

गाडीने ऑल्टमाँट घाट उतरायचा म्हणाल तर पाचच्या आत निघा, नाहीतर ५८० हायवेवर ऑडिओबुकं संपतील.

---

पाऊसवेडी · बुधवार, सकाळी १०:२०

धागाकर्त्याने राजकारण नको म्हटलंय, पण एक गोष्ट राजकारण नाही, आमच्या घरातला निर्णय होता, म्हणून लिहिते.

आम्हीही टेक्सास ठरवलं होतं. घरं बघून झाली होती. तेव्हा मी ३९ वर्षांची, दुसऱ्या बाळाचा विचार चालू. जून २०२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर टेक्सासमध्ये गर्भपातावर जवळपास पूर्ण बंदी आली. माझं पहिलं गर्भारपण सोपं नव्हतं. काही बिघडलं तर डॉक्टरला आधी वकिलाला फोन करावा लागेल अशा ठिकाणी मला बाळंत व्हायचं नव्हतं. सासूबाई जुन्या वळणाच्या, पण त्यांनीच नवऱ्याला सांगितलं, "ती म्हणतेय तिकडे नको तर नको."

आम्ही सिएटलजवळ बॉथेलला आलो. पगारावर राज्याचा कर इथेही नाही. शेअर विकून मोठा नफा झाला तर त्यावर २०२२ पासून कर आहे, ७ टक्क्यांपासून पुढे. घरं स्वस्त नाहीत हो, बे एरियाच्या खाली आणि फ्रिस्कोच्या बरीच वर. पण कंपन्या इथेच आहेत, नोकरी गेली तर पुलापलीकडे दुसरी. आणि नऊ महिने पाऊस. मी चिपळूणची, मला काय त्याचं.

---

उंटावरचा · बुधवार, सकाळी ११:००

टेक्सासमध्ये वीज जाते. फेब्रुवारी २०२१ विसरलात का? लोक बर्फ वितळवून संडासात टाकत होते.

---

मु_पो_फ्रिस्को · बुधवार, सकाळी ११:०६

आणि कॅलिफोर्नियात २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वारा सुटला म्हणून वीज कंपनीने मुद्दाम लाखो घरांची वीज बंद ठेवली होती, ती विसरलात का? तिकडे युनिटचा दर बघा आणि मग बोला. शिवाय वणव्यांमुळे विमा कंपन्या नवीन पॉलिसीच देईनात. स्टेट फार्मने २०२३ च्या मे मध्ये बंद केल्या.

---

उंटावरचा · बुधवार, सकाळी ११:०९

तरी लोक तिकडेच राहतात ना. चार कोटींच्या घरात लोकसंख्या आहे.

---

गणितमास्तर · बुधवार, सकाळी ११:३०

दोघेही बरोबर आणि दोघांचाही प्रश्नाशी संबंध नाही. २०२० च्या जनगणनेनंतर कॅलिफोर्नियाची काँग्रेसमधली एक जागा गेली, ५३ च्या ५२ झाल्या, राज्याच्या इतिहासात पहिल्यांदाच. टेक्सासच्या दोन वाढल्या. लोक जातात हे खरं. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाची लोकसंख्या परत वाढली, हेही खरं. यातून धागाकर्त्याने जावं की नाही हे कळत नाही.

त्यापेक्षा उपयोगाचं सांगतो: तुमचे शेअर. आरएसयू (कंपनीने देऊ केलेले शेअर) कॅलिफोर्नियात असताना मिळालेले आणि टेक्सासला गेल्यावर व्हेस्ट झालेले (म्हणजे प्रत्यक्ष हातात आलेले) असतील, तर मिळाल्यापासून व्हेस्ट होईपर्यंतचे जेवढे कामाचे दिवस कॅलिफोर्नियात भरले, तेवढ्या प्रमाणात कॅलिफोर्निया कर घेणार. दोन वर्षांनी व्हेस्ट होणारा हप्ता असेल आणि तुम्ही दीड वर्षाने हललात, तर त्यातला पाऊण भाग त्यांचा. शिवाय टेक्सासहून महिन्यातून चार दिवस सॅन होजेच्या ऑफिसात आलात तर त्या चार दिवसांचा पगारही त्यांचा. ५४०एनआर फॉर्म भरावा लागतो. पहिल्या दोन वर्षांत २० हजार पूर्ण वाचत नाहीत, एवढं धरून चाला.

(न्यूयॉर्कवाले वाचत असतील तर त्यांनी नशिबाला दोष द्यावा. तिथे कंपनीचं ऑफिस न्यूयॉर्कात असेल आणि तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी दुसऱ्या राज्यातून काम केलंत, तरी न्यूयॉर्क कर मागतं. कॅलिफोर्निया निदान तेवढं करत नाही.)

---

कोथरूडकर_आजोबा · बुधवार, रात्री ९:१५

मी ७१ वर्षांचा आहे. चिरंजीव आधी क्युपर्टिनोला होते, आता फ्रिस्कोजवळ प्रॉस्परला. दोन्हीकडे सहा-सहा महिने राहून आलो. सल्ला देत नाही, पाहिलेलं लिहितो.

क्युपर्टिनोत हॉलमध्ये झोपायचो. पण सकाळी मेमोरियल पार्कला चालत जायचो. आमच्यासारखे दहा-बारा आजोबा, त्यात चार मराठी. लायब्ररी चालत, भाजी चालत. सून ऑफिसातून यायच्या आत मी कोथिंबीर निवडून ठेवलेली असे.

प्रॉस्परला खाली आम्हा दोघांना स्वतःची खोली आणि लागून न्हाणीघर. जिना नाही. हिच्या गुडघ्यांना फार बरं पडलं. सून तिथे हसतमुख असते, क्युपर्टिनोत तिचं डोकं कायम दुखायचं. पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत सकाळी सातनंतर बाहेर पाऊल टाकवत नाही. चाळीस अंश. चालत जाण्यासारखं दुकान एकही नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठी मुलाला मीटिंग संपायची वाट बघायला लावायची म्हणजे संकोच वाटतो. त्या सहा महिन्यांत मी "किती वाजले" हे जितक्यांदा विचारलं तितकं आयुष्यात विचारलं नसेल.

---

अर्धाकप · बुधवार, रात्री ९:२२

आजोबा, तुमचा वेगळा धागा हवा. +१००.

---

कुंपणावरची_बाई · गुरुवार, रात्री १२:२०

आजच आयडी काढलाय. धागाकर्त्याची बायको. आमच्या घरात हा धागा तीन दिवस जेवताना वाचला जातोय, म्हणून मूळ लेखातून गायब झालेली एक गोष्ट लिहिते.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ह्याचा ले-ऑफ झाला होता. ते त्याने लिहिलं नाही, लिहिणारही नाही. एच-वन-बी वर नोकरी गेली की साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी कंपनी मिळाली नाही तर सामान बांधायचं. लेक तेव्हा दुसरीत. माझी नोकरी एच-फोर ईएडी (जोडीदाराच्या व्हिसावर मिळणारा कामाचा परवाना) वर, म्हणजे ह्याचा व्हिसा गेला की माझाही गेला. मी कागदावर रोज एक रेघ मारत होते.

एक्कावन्नाव्या दिवशी ऑफर आली. ती कशी आली? सॅन होजेच्या बीएमएम (बृहन्महाराष्ट्र मंडळ) अधिवेशनाची तयारी चालू होती, हा स्वयंसेवक म्हणून जायचा. तिथे खुर्च्यांची ऑर्डर कुणाला द्यायची यावर ज्यांच्याशी ह्याचं भांडण झालं होतं, त्याच काकांनी ह्याचा रेझ्युमे स्वतः नेऊन त्यांच्या डायरेक्टरच्या टेबलावर ठेवला. दोन स्टेशनांपलीकडच्या ऑफिसात. तीन इंटरव्ह्यू समोरासमोर, एका आठवड्यात. फ्रिस्कोत असतो तर घरून करायच्या नोकऱ्या शोधत बसलो असतो, आणि अशा एकेका जागेला हजार अर्ज येतात.

आणखी एक, ते मला कामावरच्या वकीलबाईने सांगितलं. कॅलिफोर्नियात नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत जायला अडवणारे करार चालत नाहीत. टेक्सासमध्ये वाजवी असतील तर चालतात.

मला ट्रेडमिलवाल्याचा खून करावासा वाटतो. मला पण बॅकयार्ड हवंय, मला पण कढीपत्त्याचं झाड कुंडीतून जमिनीत लावायचंय. पण ३,८०० मधले काही डॉलर आम्ही त्या साठ दिवसांसाठी भरतो, असं मी धरते. मेहुण्याच्या (म्हणजे माझ्याच भावाच्या) हातात ग्रीन कार्ड आहे. त्याने व्हिडिओ कॉलवर कुठेही बसावं.

---

खारट_दाणा · गुरुवार, सकाळी ७:०५

वहिनी, हे मी घर घेण्याआधी वाचलं असतं तर.

---

तिरकस · गुरुवार, सकाळी ७:३०

कुंपणावरचा, आज डबा तुम्हीच भरा.

---

आय१४०_पीडित · गुरुवार, सकाळी ८:१०

साठ दिवसांच्या मुद्द्याला जोड: आय-४८५ (ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज) फाइल होऊन १८० दिवस झाले की तशाच प्रकारच्या कामाची दुसरी नोकरी, दुसऱ्या राज्यात, घेता येते. खरं स्वातंत्र्य तिथे सुरू होतं. २०१६ च्या तारखेला ते कधी येईल ते विचारू नका.

---

कुंपणावरचा · तीन आठवड्यांनंतर, शनिवार

सर्वांचे आभार. अपडेट देतो.

एचआरला लेखी विचारलं. उत्तर: रिमोट दर्जा मिळू शकतो, दरवर्षी फेरविचार होईल, डॅलस भागासाठी पगार १२ टक्के कमी, आणि अमेंडमेंट फाइल होईपर्यंत हलायचं नाही. पर्मच्या कागदात "कुठूनही" अशी ओळ नाही. नव्याने पर्म करणार का, यावर "सध्या सांगता येत नाही". मॅनेजरला हे दाखवलं तर त्यालाही नवल वाटलं. त्याच्या मते फरक पडत नव्हता.

बायकोशी बोललो (डबा आठवडाभर मीच भरला). घर घ्यायचा विचार तूर्त बंद. माउंटन हाउसला एका रविवारी जाऊन आलो, लेकीला तिथलं वारं आवडलं, पतंग उडवायचा म्हणाली. जूनमध्ये लीज संपतंय. वरचा मजला मागितलाय, म्हणजे ट्रेडमिलच्या वर.

फ्रिस्को पूर्ण सोडलेलं नाही. मेहुणा म्हणाला ख्रिसमसला या, हवा छान असते. बायको म्हणाली, जायचं तर ऑगस्टात दोन आठवडे, त्याच्या घरून दोघांनी पूर्ण वेळ काम करून बघायचं. तिकिटं काढली.

---

मु_पो_फ्रिस्को · शनिवार

ऑगस्टात येताय तर गाडीत एक जुना टॉवेल ठेवा. दुपारी स्टिअरिंगला उघडा हात लावता येत नाही. आणि मेहुण्याला सांगा, नळी आधीच टाकून ठेव. नाहीतर पहिल्याच दिवशी तुम्हाला पायाला पाणी घालायला उभं करेल.